वेल्डिंग मशीन बोर्डाला जोडण्याआधी : शिक्षक आणि पालकांसाठी विजेचा एक धडा



आज आपण इयत्ता दहावीच्या विज्ञानातला 'विद्युतधारेचे परिणाम' हा पाठ जरा वेगळ्या ठिकाणी घेऊन जाणार आहोत. प्रयोगशाळेत नाही, तर मुरब्याच्या खाडीकाठी, शाकारून ठेवलेल्या बोटींजवळ.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. या ६१ दिवसांत बोटी वर ओढलेल्या असतात आणि वर्षभराची दुरुस्ती याच काळात उरकायची असते. सुकाणूचा लोखंडी भाग, इंजिनाची बैठक, घिरणी, कठड्याचे पाइप, सगळ्याला खाऱ्या पाण्याने गंज धरलेला असतो. म्हणजे वेल्डिंग आलंच. आणि नेमका हाच काळ धो-धो पावसाचा! वीज, लोखंड, खारं पाणी आणि ओली जमीन या चारही गोष्टी एका जागी येतात.

दुसरी गोष्ट रोजगाराची. बोईसर-तारापूरची एमआयडीसी जवळ आहे. आठवी पास मुलाला आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा कोर्स करता येतो. त्यामुळे आपल्या भागातली पुष्कळ मुलं या कामाकडे वळतात. पूर्वी वेल्डिंगचं मशीन म्हणजे चाकांवरचं अवजड धूड असायचं. आता चार-पाच किलोचं, खांद्याला अडकवता येणारं इन्व्हर्टर मशीन मिळतं. मुलगा ते घरी आणतो आणि विचारतो, "बाबा, घरच्या बोर्डाला लावू का?"

या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, ते आज समजून घेऊ. ठिणग्या उडतात त्या सगळ्यांना दिसतात, म्हणून त्यांची काळजी आपण घेतो. पण बोर्डातली, वायरमधली आणि मशीनच्या पत्र्यावरची वीज डोळ्यांना दिसत नाही. ती हिशेबानेच कळते. आणि तो हिशेब दहावीच्या पुस्तकापलीकडचा नाही.

१) मशीन नेमकं काय करतं?

घरी येणारी वीज २३० व्होल्टची. वेल्डिंगसाठी मात्र व्होल्टेज कमी आणि धारा खूप लागते. रॉड आणि लोखंड यांच्यात ज्योत पेटली की तिथे साधारण २०-३० व्होल्ट असतात, पण धारा ७०, १००, १२० अँपिअर असते. म्हणजे मशीन जास्त व्होल्टची थोडी धारा घेतं आणि कमी व्होल्टची भरपूर धारा देतं.

म्हणून मशीनला दोन बाजू आहेत हे आधी लक्षात ठेवा :

• बोर्डाची बाजू : २३० व्होल्ट. प्लग, वायर, एमसीबी इथे येतात.
• रॉडची बाजू : ज्योत पेटलेली नसताना साधारण ५० ते ८० व्होल्ट, पेटल्यावर २०-३० व्होल्ट. होल्डर आणि क्लॅम्प इथे येतात.

चांगल्या मशीनमध्ये या दोन बाजू आतून एकमेकींपासून विलग असतात, त्यांच्यात तारेचा थेट जोड नसतो. पुढे सुरक्षिततेचे जे नियम येतील, ते प्रत्येक वेळी कोणत्या बाजूचे आहेत हे विचारायची सवय लावून घ्या. बऱ्याच चुका या दोन बाजूंची गल्लत झाल्यामुळेच होतात.

२) आता हिशेब करू

ज्योतीचं व्होल्टेज काढायचं एक सोपं सूत्र आहे : २० + (०.०४ × अँपिअर). १०० अँपिअरला हे २४ व्होल्ट येतं.

शक्ती = व्होल्ट × अँपिअर = २४ × १०० = २४०० वॅट.

मशीन स्वतः थोडी ऊर्जा खातं. कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बोर्डातून ३००० वॅट घ्यावे लागतात. शिवाय साध्या इन्व्हर्टर मशीनचा पॉवर फॅक्टर कमी असतो. तो ०.७ धरू. मग बोर्डातून येणारी धारा :

३००० ÷ (२३० × ०.७) = सुमारे १९ अँपिअर.

हाच हिशेब ७० अँपिअरसाठी करा. ज्योतीचे व्होल्ट २२.८, बाहेर पडणारी शक्ती सुमारे १६०० वॅट, आत घेतलेली २००० वॅट, आणि बोर्डातून येणारी धारा सुमारे साडेबारा अँपिअर.

आता घरातले सॉकेट आठवा. मोबाइल चार्जरचं लहान सॉकेट ६ अँपिअरचं. फ्रिज, गिझरचं मोठं सॉकेट १६ अँपिअरचं. म्हणजे उत्तर आपोआप मिळालं :

• ६ अँपिअरच्या लहान सॉकेटवर वेल्डिंग मशीन कधीही नाही. पीन बदलून, कन्व्हर्टर लावून, कसंही नाही.
• अडीच मिलिमीटरचा बारीक रॉड ७० अँपिअरच्या आसपास चालतो. तेवढं काम १६ अँपिअरच्या चांगल्या सॉकेटवर होऊ शकतं.
• सव्वातीन मिलिमीटरचा (३.१५) रॉड १०० अँपिअर किंवा वर मागतो. त्याला घरातलं सॉकेट पुरत नाही. मीटरजवळून स्वतंत्र लाइन हवी.

बाजारात 'दोनशे अँपिअरचं मशीन घरच्या विजेवर चालतं' असं सांगतात. चालू होतं हे खरं, पण नॉब पूर्ण फिरवला की बोर्डाचं काय होतं, ते वरच्या गणितात टाकून बघा. आणि गावाच्या टोकाला व्होल्टेज पडलेलं असेल, तर तेवढंच काम करायला मशीन आणखी जास्त अँपिअर ओढतं.

जुनी तेलाची ट्रान्सफॉर्मर मशीन्स बहुतेक वेळा दोन फेजवर, म्हणजे ४०० व्होल्टच्या आसपास जोडतात. त्यांना थ्री फेजचा पुरवठा लागतो. तिथे घरच्या बोर्डाचा प्रश्नच येत नाही.

वीजबिलावरचा 'मंजूर भार'ही एकदा वाचा. तो एक-दोन किलोवॅटच असेल, तर तीन किलोवॅटचं मशीन लावण्याआधी भार वाढवून घ्यायला हवा. घरगुती मीटरवर पैसे घेऊन कामं करणं हा वीज कायदा २००३ नुसार विजेचा अनधिकृत वापर ठरू शकतो. धंदा करायचा असेल तर जोडणीही त्याच प्रकारची घ्यावी.

३) लांब वायरचा चटका

बोट घरापासून दूर. मग एक्स्टेन्शन आलं. इथे ज्यूलचा नियम कामाला येतो : उष्णता धारेच्या वर्गाच्या पटीत वाढते.

घर ते बोट ३० मीटर. वीज जाते आणि परत येते, म्हणजे तांब्याची तार ६० मीटर. धारा १९ अँपिअर. वायरच्या जाडीनुसार काय होतं ते पाहा :

• १ चौरस मिमी : रोध सुमारे १ ओहम. वाटेत २० व्होल्ट कमी होतात आणि वायरमध्ये सुमारे ३७० वॅट उष्णता तयार होते.
• २.५ चौरस मिमी : ८ व्होल्ट कमी, सुमारे १५० वॅट उष्णता.
• ४ चौरस मिमी : ५ व्होल्ट कमी, सुमारे ९३ वॅट उष्णता.

३७० वॅट उष्णता लांब पसरलेल्या वायरमधून हवेत निघून जाईलही. पण तीच वायर गुंडाळी करून कोपऱ्यात टाकली असेल, तर उष्णतेला बाहेर पडायला जागा मिळत नाही. आतला प्लॅस्टिकचा थर मऊ होतो, वितळतो आणि दोन तारा एकमेकींना टेकतात. म्हणून नियम असा : एक्स्टेन्शनची गुंडाळी पूर्ण सोडवायची, जाड वायर वापरायची आणि मध्ये जोड नसावा. टेप गुंडाळलेला जोड पावसात पाणी पितो.

एक युक्ती लक्षात ठेवा. मशीन कामाजवळ नेऊन बोर्डाची वायर लांबवण्यापेक्षा, मशीन कोरड्या जागी ठेवून रॉडच्या बाजूची जाड केबल थोडी लांब घेणं जास्त सुरक्षित. ओल्यात २३० व्होल्टची वायर जितकी कमी पसरेल तितकं बरं. मात्र ही केबलही मशीनच्या अँपिअरला पुरेल एवढी जाड हवी.

४) एमसीबी सारखा पडतो, मग मोठा बसवू का?

हा प्रश्न घराघरांत ऐकू येतो. उत्तर स्पष्ट आहे : नाही.

एमसीबी मशीनला वाचवण्यासाठी नसतो, तो भिंतीतल्या तारेला वाचवण्यासाठी असतो. भिंतीत २.५ चौरस मिमीची तार आहे आणि एमसीबी ३२ अँपिअरचा बसवला, तर तार तापून लाल होईल तरी एमसीबी शांत बसेल. आधी तार बदलायची, मग एमसीबी. ३२ अँपिअरच्या एमसीबीमागे ६ चौरस मिमीची तांब्याची तार, त्याला साजेसं औद्योगिक सॉकेट आणि जवळच हाताला येईल असा दोन पोलचा स्विच हवा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

आणि हे तीन प्रकार दिसले, तर मुलाला तिथेच थांबवा :

• प्लग न लावता उघड्या तारा सॉकेटमध्ये खुपसून काडी खोचणं.
• तिसरी, म्हणजे अर्थिंगची पीन काढून टाकणं किंवा दोन तारांचं एक्स्टेन्शन वापरणं.
• खांबावर आकडा टाकणं. तो गुन्हा तर आहेच, शिवाय त्या लाइनला तुमच्या बाजूने ना एमसीबी, ना अर्थिंग. काही बिघडलं तर वीज बंद करायला स्विचसुद्धा नसतो.

५) दोन 'अर्थ', एकच गोंधळ

आपल्याकडे कामावर मशीनच्या परतीच्या केबलच्या चिमट्याला सर्रास 'अर्थिंग' किंवा 'अर्थ क्लॅम्प' म्हणतात. हा शब्दच घोटाळ्याचं मूळ आहे. "अर्थिंग लावलंय ना?" विचारलं की मुलगा चिमट्याकडे बोट दाखवतो.

वर्गात हे दोन वेगळे करून शिकवा.

परतीचा चिमटा हा रॉडच्या बाजूचा. रॉडमधून गेलेले १०० अँपिअर मशीनकडे परत यायला हवेत, त्यांची ती वाट. तो वेल्डिंगच्या जागेजवळ, गंज घासून काढलेल्या लोखंडावर घट्ट लावायचा. लांब कुठेतरी लावला तर धारा स्वतःची वाट शोधते. बोटीत ती वाट इंजिनाच्या बेअरिंगमधून, वायररोपमधून किंवा बॅटरीच्या तारांमधून जाऊ शकते आणि या वस्तू जळतात. म्हणून बोटीवर काम करण्याआधी बॅटरीच्या तारा सोडवायच्या. घराचे गज किंवा पाण्याचा पाइप परतीची वाट म्हणून वापरायचा नाही.

खरं अर्थिंग हे बोर्डाच्या बाजूचं. मशीनच्या धातूच्या खोक्यापासून प्लगच्या तिसऱ्या पिनेतून जमिनीतल्या खड्ड्यापर्यंत जाणारी हिरवी तार. आतली फेजची तार सुटून खोक्याला टेकली, तर ती वीज माणसाच्या अंगातून जाण्याऐवजी या तारेने जावी, म्हणून ती असते.

पण नुसतं अर्थिंग असून भागत नाही. समजा, अर्थिंगच्या वाटेचा एकूण रोध १० ओहम आहे. खोक्याला फेज टेकली तर धारा २३० ÷ १० = २३ अँपिअर. ३२ अँपिअरचा एमसीबी पडणारच नाही! खोका जिवंत राहील आणि त्याला हात लावणारा अडकेल. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. तो जाणारी आणि येणारी धारा सतत ताडून बघतो. थोडी जरी धारा जमिनीत गळाली, तरी सेकंदाच्या लहानशा भागात वीज तोडतो. त्यावर 'टेस्ट' लिहिलेलं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का, हे बघायचं.

आपल्या किनाऱ्याचं एक वैशिष्ट्यही सांगतो. इथली माती खारट आणि ओलसर, त्यामुळे तिचा रोध कमी. अर्थिंगला हे चांगलंच. पण तोच खारटपणा खड्ड्यातली लोखंडी पट्टी आणि नट-बोल्ट खाऊन टाकतो. वरून तार दिसते, खाली जोड उरलेला नसतो. 'धातुविज्ञान' पाठातलं क्षरण ते हेच! म्हणून दरवर्षी मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, वायरमनला बोलावून अर्थिंगचा रोध यंत्राने मोजून घ्या.

६) ओलं अंग आणि खारं पाणी

"रॉडची बाजू तर ८० व्होल्टच्या आतली, तिचा काय शॉक बसणार?" असं अनुभवी माणसंही म्हणतात. ओहमचा नियम लावून बघू.

कोरड्या, जाड कातडीच्या हाताचा रोध २०,००० ओहम धरा. ८० व्होल्टला धारा ४ मिलिअँपिअर. मुंग्या येतील, माणूस हात झटकेल.

आता तोच माणूस पावसात, घामाने भिजलेला, अनवाणी ओल्या चिखलात, फाटका हातमोजा. रोध १,००० ओहमवर येऊ शकतो. धारा ८० मिलिअँपिअर. दहा-वीस मिलिअँपिअरला स्नायू आखडतात आणि हात सुटत नाही. त्याहून जास्त धारा छातीतून गेली तर हृदयाची लय बिघडू शकते.

मशीन तेच, व्होल्ट तेच. बदलला फक्त रोध. "आजवर काही झालं नाही" हे म्हणणं कोरड्या दिवसांचा अनुभव आहे, पावसातला नाही.

आणि एक महत्त्वाची गोष्ट : दोन्ही बाजू विलग असल्यामुळे रॉडच्या बाजूने बसणारा शॉक आरसीसीबीला कळत नाही. तिथे तुम्हाला फक्त कोरडेपणा वाचवतो. कोरडे चामडी हातमोजे, रबरी तळाचे बूट, उभं राहायला कोरडी फळी, धड होल्डर. रॉड बदलतानाही हातमोजा काढायचा नाही. रॉड काखेत धरायचा नाही. पावसाची सर आली की काम थांबवायचं.

नवं मशीन घेताना त्यावरची पाटी वाचा. चौकटीत 'एस' अक्षर असेल, तर ते मशीन शॉकचा धोका जास्त असलेल्या जागी वापरण्यासाठी बनवलेलं असतं. काही मशीनमध्ये 'व्हीआरडी' ही सोय असते. ती रॉड टेकलेला नसताना व्होल्टेज बरंच खाली आणून ठेवते. आपल्या खाडीकाठी या दोन गोष्टींसाठी थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. पाटीवर 'आयपी २१' असेल तर फक्त सरळ वरून पडणारे थेंब ते सोसतं, तिरकी सर नाही.

७) जोडण्याचा क्रम

१. जागा कोरडी, हवेशीर. आजूबाजूला डिझेल, रंग, जाळी, दोरखंड नकोत. डिझेलची टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते, तिच्यावर वेल्डिंग करायचं नाही. फायबरच्या भिंतीपलीकडे काय आहे तेही बघायचं. पाण्याची किंवा रेतीची बादली आणि अग्निशामक जवळ ठेवायचा. चालू विजेच्या आगीवर पाणी नको, आधी मेन बंद.
२. बोर्डाचा आणि मशीनचा, दोन्ही स्विच बंद आहेत ना, बघा.
३. वायर, प्लग, होल्डर नजरेखालून घाला. चिरलेलं, काळवंडलेलं काही असेल तर आज काम नाही.
४. आधी परतीचा चिमटा, मग होल्डरची केबल मशीनला घट्ट बसवा. सैल जोड तापतो.
५. मग प्लग, मग बोर्डाचा स्विच, शेवटी मशीनचा.
६. दहा मिनिटांनी थांबून प्लगच्या जवळ हात नेऊन बघा. गरम लागत असेल तर काम बंद.
७. मशीनवर लिहिलेली ड्यूटी सायकल पाळा. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं काम, चार मिनिटं विश्रांती.
८. बंद करताना उलटा क्रम.

डोळ्यांसाठी १० किंवा ११ नंबरच्या काचेची ढाल हवी. साधा काळा गॉगल उपयोगाचा नाही. बघ्या मुलांना आडोशापलीकडे ठेवा. ज्योतीकडे उघड्या डोळ्यांनी बघितलं तर काही तासांनी डोळ्यांत रेती गेल्यासारखं होतं.

कोणाला शॉक लागलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद. श्वास चालत नसेल तर छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्या आणि १०८ ला फोन करा.

८) वर्गात काय करता येईल?

पुणे जिल्ह्यातल्या पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता विज्ञान शिकणं, हा त्यांचा विचार. तिथूनच शाळांमध्ये 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय गेला आणि आठवी ते दहावीची मुलं शाळेत वेल्डिंगसुद्धा शिकू लागली. आपल्या शाळेत कार्यशाळा नसली तरी हे तीन उपक्रम मशीन चालू न करताही होतात :

• पाटी वाचन : मुलांनी गावातल्या बंद मशीनच्या पाटीवरचे आकडे उतरवून आणायचे. बोर्डातून जास्तीत जास्त किती अँपिअर घेणार, ते शोधायचं आणि आपल्या गणिताशी ताडून बघायचं.
• घरचा नकाशा : बोर्डात कोणता एमसीबी, आरसीसीबी आहे का, सॉकेट किती अँपिअरचं. फक्त बघून लिहायचं, उघडायचं काही नाही. पालकांनी सोबत बसावं.
• वायरचं गणित : आपलं घर ते बोट अंतर पावलांनी मोजा आणि कोणत्या जाडीची वायर लागेल ते काढा.

९) तर मग, बाबांनी काय उत्तर द्यावं?

"नको" म्हणणं सोपं आहे, पण मग मुलगा दुसऱ्याच्या बोर्डावर, दोन तारांच्या एक्स्टेन्शनवर शिकेल. "लाव" म्हणणंही सोपं आहे. त्याऐवजी पाच प्रश्न विचारा :

१. कितीचा रॉड आणि किती अँपिअर लावणार?
२. सॉकेट, तार आणि एमसीबी तेवढ्याला पुरतात का?
३. तिसरी पीन आहे का, आणि अर्थिंग शेवटचं कधी मोजलं?
४. आरसीसीबीचं बटण दाबून बघितलंस का?
५. आज जागा आणि अंग कोरडं आहे का?

पाचही उत्तरं बरोबर आली तर जाणत्या वेल्डरच्या देखरेखीखाली त्याला खुशाल काम करू द्या. एकही अडलं, तर तेवढं दुरुस्त होईपर्यंत मशीन बंद. दुरुस्तीचे ६१ दिवस आहेत, त्यातला एक दिवस वायरमनसाठी राखून ठेवायला काहीच हरकत नाही.